ध्रुपद एकट्यानं म्हणायचं नसतं

घरी ख्रिस्ती भजन ध्वनिमुद्रित करायचं ठरलं की बहुतेक जण एकाच वाटेनं जातात. लॅपटॉपवर आधी ठेक्याचा तयार तुकडा लावायचा, त्यावर कीबोर्डचे लांब सूर पसरायचे, मग कानाला हेडफोन लावून मुख्य गायकानं बंद खोलीत एकट्यानं गायचं. ध्रुपदाला समूह हवा, म्हणून त्याच गायकाचा आवाज चार-पाच वेळा एकावर एक चढवायचा. शेवटी मोठ्या चर्चमध्ये बसल्याचा भास व्हावा म्हणून यंत्रातला घुमारा मिसळायचा. अशा रेकॉर्डिंगमध्ये चूक सापडत नाही. सूर जागेवर असतो, तालही जागेवर असतो. तरीही ते ऐकताना कोणी कोणाला साद घातली आणि कोणी तिला ओ दिली, असं कधी वाटत नाही. ओवी, अभंग किंवा लोकचालीतलं ख्रिस्ती गीत घरी मुद्रित करायचं असेल, तर सगळ्यांनी एका खोलीत बसून एकाच वेळी गावं-वाजवावं आणि यंत्रानं ते घडताना टिपावं, असं मला ठामपणे वाटतं. माइक कोणता, तो किती अंतरावर, खोलीत काय टांगायचं, कोणी कुठे बसायचं, हे सगळे निर्णय या एका गोष्टीवर ठरतात. म्हणून उपकरणांकडे वळण्याआधी ही गोष्ट नीट पारखून घेऊ.

तिचं मूळ या गीतांच्या घडणीतच आहे. नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) ख्रिस्ताची गाणी लिहिताना अभंग आणि ओवीचा घाट निवडला. आजही मराठी मंडळ्यांमधून म्हटल्या जाणाऱ्या ‘उपासना संगीता’त त्यांची गीतं ठळकपणे आहेत. अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, अमेरिकन मराठी मिशनच्या परिसरात ख्रिस्ती कीर्तन तर टिळकांच्याही आधीपासून होत होतं. अभंग काय किंवा कीर्तनातलं पद काय, त्यात एक जण पुढे म्हणतो आणि बाकीचे मागे म्हणतात. पुढच्याचं शेवटचं अक्षर पुरतं विरलेलं नसतं, तोच मागच्यांनी ध्रुपद उचललेलं असतं. दोन आवाजांची ती किंचित सरमिसळ, मागच्यांपैकी कोणीतरी अर्धी मात्रा आधीच घेतलेला श्वास, टाळ जरा चढल्यावर पुढच्याच्या आवाजात येणारा जोर, हे सगळं एकमेकांना पाहून आणि ऐकून होतं. शिवाय भजनाची लय एका ठिकाणी उभी राहत नाही. ते सावकाश सुरू होतं, ध्रुपदागणिक थोडं चढतं आणि शेवटच्या फेऱ्यांत दाटून येतं. कानात टिकटिक वाजवून वेगवेगळ्या दिवशी गायलेले तुकडे जोडले, तर लय सारखी राहील, पण चढत जाणारी लय हीच जिथे गाण्याची कमान आहे तिथे सारखेपणाचा उपयोग काय?

जुन्या ध्वनिमुद्रणांतही याला आधार सापडतो. १९२५च्या सुमाराला विजेचा माइक आला. त्याआधी गायक-वादक एकाच कर्ण्यासमोर दाटीनं उभे राहत, आणि कोणाचा आवाज मोठा, कोणाचा लहान, हे ते कर्ण्यापासून किती दूर आहेत यावर ठरे. माइक आल्यावरही बराच काळ पद्धत हीच राहिली. अमेरिकेतल्या कार्टर कुटुंबाची १९२७ सालची, ब्रिस्टल गावात झालेली पहिली ध्वनिमुद्रणं अशीच सगळ्यांनी एकत्र गाऊन-वाजवून केलेली आहेत. याच कुटुंबानं १९३५ साली एक जुनं ख्रिस्ती गीत लोकगीताच्या अंगानं मुद्रित केलं. एडा हॅबरशन यांचे शब्द आणि चार्ल्स गॅब्रिएल यांची चाल असलेलं ते १९०७चं गीत. कार्टरांनी ध्रुपद जवळपास तसंच ठेवलं आणि कडवी बदलून त्यांत आईच्या अंत्ययात्रेचं दुःख आणलं. आज जगभर लोक गातात ते बहुधा हे दुसरं रूप. आणखी एक दाखला अलबामा राज्यातल्या फाइफ गावचा. तिथे १९५९ साली लोकसंगीताचे संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्स यांनी ‘सेक्रेड हार्प’ परंपरेचं समूहगायन स्टिरिओत टिपलं. या परंपरेत चार गट चौकोनाच्या चार बाजूंना एकमेकांकडे तोंड करून बसतात आणि म्हणवून घेणारा मधोमध उभा राहतो. समोर श्रोता नसतोच, गाणं एकमेकांसाठी असतं. आपल्या भजनाची बैठकही याच जातीची आहे, आणि घरातला माइक कुठे असावा याचं उत्तर तिथेच मिळतं. श्रोत्याच्या जागेपेक्षा भजनकऱ्यांच्या मधली जागा त्याला जास्त शोभते.

आता गीताकडे. माइक हातात घेण्याआधी शब्द आणि चाल यांचं जमतं का, हे पाहण्यात एक संध्याकाळ घालवा. पुढचे चार दिवस वाचतील. मिशनऱ्यांच्या काळात इंग्रजी गीतांचे पुष्कळ अनुवाद मूळ इंग्रजी चालींवर बसवले गेले. त्या चालींपैकी बऱ्याच चाली आठ-सहा, आठ-सहा अशा अक्षरांच्या आहेत आणि त्यांतलं पहिलं अक्षर हलकं, दुसऱ्यावर जोर, अशी इंग्रजी बोलण्याची ठेवण आहे. मराठी शब्द तिच्यावर ठेवला की जोर भलत्याच अक्षरावर पडतो, आणि ऱ्हस्व अक्षर लांब सुराखाली सापडलं तर अर्थच हलतो. ‘पिता’ लांबला की ‘पीता’ ऐकू येतो, ‘दिन’ ताणला की ‘दीन’ होतो. प्रार्थनेत हे चालवून घेण्यासारखं नाही. मोठ्या अभंगाचे चरण मात्र सहा-सहा-सहा-चार अक्षरांचे, मराठी जिभेवरच घडलेले. त्यात दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं आणि चौथा आखूड चरण श्वासाला जागा ठेवतो. म्हणून लोकचालीत बांधायला पहिली पसंती मुळातच अभंग किंवा ओवीत लिहिलेल्या गीताला द्यावी. अनुवादित गीतच हवं असेल तर दोन मार्ग आहेत. एक, चाल तीच ठेवून फक्त साथ बदलायची: ऑर्गनच्या जागी एकतारी, पेटी आणि दिमडी. दुसरा, कार्टर कुटुंबासारखा, ध्रुपद राखून कडवी मराठी छंदात नव्यानं लिहायची. इंग्रजी चालीतले शब्द तसेच उचलून भजनी ठेक्यावर टाकणं हा तिसरा मार्ग दिसायला सोपा आहे, पण मी तो सुचवणार नाही. त्यात ना इंग्रजी चालीचं सौंदर्य राहतं, ना मराठी शब्दाचं. निवडलेलं गीत आधी वाद्यांशिवाय, नुसत्या टाळीवर म्हणून पाहा. टाळीवर पडणारी अक्षरं बोलतानाही ठसठशीत वाटत असतील, तर चाल बसली.

इथे मंडळीतून एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. संबळ म्हटलं की गोंधळ आठवतो, टाळ-पखवाज म्हटलं की पंढरीची वाट. मग ही वाद्यं उपासनेत कशी आणावीत? इतिहास याचं अर्धं उत्तर देतो. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात राचोलला छापलं गेलं. ख्रिस्ताची ती कथा जवळजवळ अकरा हजार मराठी ओव्यांत सांगितलेली आहे. म्हणजे ओवीला चर्चचा उंबरा ओलांडून चार शतकं होऊन गेली. उरलेलं अर्धं उत्तर इतिहासात मिळत नाही, ते माणसांना विचारावं लागतं. नगरकडच्या आणि मराठवाड्यातल्या बऱ्याच ख्रिस्ती कुटुंबांचे पूर्वज ज्या जातींतून आले, त्यांच्यावर हलगी वाजवणं हे गावकीचं सक्तीचं काम म्हणून लादलेलं होतं. त्यांच्यातल्या काहींना हलगीचा आवाज अभिमानाचा वाटेल, काहींना तो अपमानाची आठवण करून देईल. हा निर्णय लॅपटॉपसमोर बसलेल्या एका हौशी माणसानं परस्पर घेऊ नये. गाणाऱ्यांतल्या वडीलधाऱ्यांना विचारावं आणि त्यांचा शब्द राखावा. चालीबाबत नियम सोपा आहे. एखाद्या विशिष्ट आरतीची सर्वांच्या ओठांवर असलेली चाल घेऊ नये, कारण ऐकणाऱ्याच्या मनात नव्या शब्दांखालून जुने शब्द वाजत राहतात आणि दोन्ही भक्तींना त्याचा त्रास होतो. जात्यावरच्या ओवीची, पाळण्याची किंवा भजनी मंडळात सर्रास फिरणारी चाल तशी कोणा एकाची नसते. ती खुशाल घ्या.

खोलीबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण घरच्या रेकॉर्डिंगमध्ये माइकपेक्षा खोली जास्त ऐकू येते. आपल्या घरांत फरशी गुळगुळीत, भिंती सिमेंटच्या, छत सपाट आणि सगळं एकमेकांना समांतर. खोलीच्या मध्यावर उभं राहून एक मोठी टाळी वाजवा. टाळीमागून ‘टर्र्र’ असा थरथरता आवाज आला, तर तो समोरासमोरच्या दोन भिंतींमधून फिरणारा आवाज आहे आणि तोच पुढे प्रत्येक ‘च’, ‘स’, ‘ट’ला चिकटणार आहे. फोमचे महागडे तुकडे विकत आणायची गरज नाही. घरातल्या जाड गोधड्या, रजया आणि सतरंज्या काढा. दोरी बांधून त्या भिंतीपासून सुमारे १० सेंटिमीटर सोडून टांगा. भिंतीला चिकटवण्यापेक्षा अशा सोडून टांगल्या की त्या जास्त आवाज शोषतात. समोरासमोरच्या दोन भिंतींपैकी एक झाकली तरी टाळीची थरथर जाते. खाली सतरंजी हवीच. कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट, पुस्तकांची मांडणी, कापसाच्या गाद्या या सगळ्यांचा उपयोग होतो. पण गोधडीची मर्यादाही ओळखून असा. ती वरचे सूर शोषते, पखवाजाच्या डाव्या पुडीचा खोल घुमार तिच्या आवाक्यातला नाही. १०० हर्ट्झच्या सुराची लाट सुमारे साडेतीन मीटर लांब असते आणि आपल्या कित्येक खोल्याही साधारण तेवढ्याच. म्हणून अशा खोलीत काही खालचे सूर फुगतात, काही हरवतात. यावर उपाय जागा बदलण्याचा. पखवाज कोपऱ्यात ठेवू नका, कोपऱ्यात घुमार सगळ्यात जास्त साचतो. माइकही खोलीच्या नेमक्या मध्यावर नको; मध्यापासून थोडा सरकवा, वादकाला खोलीत दोन-तीन ठिकाणी बसवून प्रत्येक ठिकाणी दहा सेकंद टिपा आणि ऐकून जागा ठरवा. सगळी खोली गोधड्यांनी बुजवूनही टाकू नये. समूहगायनाला थोडी खोली लागते, कापसात गुंडाळल्यासारखे आवाज एकमेकांत मिसळत नाहीत.

घरातल्या आवाजांचा एक दिवस आधी अभ्यास करा. ज्या वेळी मुद्रण करायचं, त्याच वेळी त्या खोलीत पंधरा मिनिटं गप्प बसा आणि काय ऐकू येतं ते लिहून काढा: शेजारचा कुकर, पाण्याचा पंप, फ्रिज, वरच्या मजल्यावरच्या खुर्च्या, रस्त्यावरचे हॉर्न. फ्रिज अर्धा तास बंद ठेवता येतो; रेकॉर्डिंग झाल्यावर तो पुन्हा चालू करायचं विसरू नये म्हणून गाडीची किल्ली त्याच्यावर ठेवावी. पंखा बंदच हवा, त्यामुळे उन्हाळ्यात दुपारी हे काम काढू नका. लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर चालवला की पुष्कळ वेळा बारीक गुणगुण थांबते. पावसाळा टाळलेला बरा. पत्र्यावरच्या पावसाचा त्रास आहेच, पण दमट हवेत दिमडीचं कातडं सैल पडतं आणि पुन्हा पुन्हा शेकावं लागतं, हा त्रास त्याहून मोठा. प्लॅस्टिकच्या खुर्च्या करकरतात, म्हणून सगळ्यांनी खालीच बसावं. काचेच्या बांगड्या आणि खिशातली नाणी काढून ठेवावीत, फोन विमान मोडवर ठेवावेत.

आता माइक. दोन माइक जोडता येतील असा साधा यूएसबी ऑडिओ इंटरफेस आणि एक कार्डिऑइड माइक, म्हणजे समोरचं नीट आणि मागचं कमी ऐकणारा, एवढ्यात हे काम होतं. कंडेन्सर माइकला इंटरफेसवरून ४८ व्होल्टचा पुरवठा द्यावा लागतो. तो बारकावे चांगले टिपतो, पण बाहेरचा रस्ताही तितक्याच निष्ठेनं टिपतो. शांत गावात कंडेन्सर आणि गजबजलेल्या वस्तीत जवळून वापरलेला डायनॅमिक, अशी निवड करावी. नुसत्या मोबाइलवरही सुरुवात करता येईल, फक्त एका गोष्टीकडे लक्ष द्या. फोनमधली बरीच रेकॉर्डिंग ॲप आवाजाची पातळी आपोआप सारखी करत राहतात. एकटा गायक म्हणू लागला की ती पातळी वाढवतात, खोलीची सळसळ वर येते; ध्रुपदाला दहा जण मिसळले की ती पातळी दाबतात. एकट्याचं आर्जव आणि मंडळीचा होकार यांतला फरकच अशा वेळी पुसला जातो. ही आपोआप सोय बंद करता येईल आणि डब्ल्यूएव्ही फाइल मिळेल असं ॲप वापरा.

बसायची रचना हेच इथलं मिक्सिंग. मोकळ्या जागेत माइकपासूनचं अंतर दुप्पट केलं की आवाज सुमारे सहा डेसिबलनं उतरतो. खोलीत थोडा कमी उतरतो, पण तत्त्व तेच. म्हणून कोणाचा आवाज कमी हवा असेल तर त्याला हळू वाजवायला सांगू नका, मागे सरकवा. हळू वाजवलेला टाळ निर्जीव वाटतो, दुरून वाजलेला टाळ मात्र टाळच राहतो. सुरुवातीला अशी मांडणी करून पाहा: माइक बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या जरा वर आणि किंचित खाली झुकलेला; पुढे म्हणणारा त्याच्यापासून अर्ध्या मीटरवर; पेटी एका बाजूला मीटरभर अंतरावर, कारण भात्याचा सूं-सूं आवाजही माइकला ऐकू येतो; दिमडी किंवा पखवाज दीड मीटरवर; मागे म्हणणारे त्यांच्या पाठी अर्धवर्तुळात; आणि टाळकरी सगळ्यात मागे, दोन मीटरच्याही पलीकडे, एका कडेला. टाळ आणि झांज ही घरच्या रेकॉर्डिंगची खरी परीक्षा आहे, कारण त्यांचा तीक्ष्ण नाद शब्दांवर चढतो. एकच जोडी टाळ पुरेत. गोव्याच्या किंवा उत्तर कोकणच्या ख्रिस्ती परंपरेतलं घुमट वापरणार असाल, तर माइकचं तोंड त्याच्या उघड्या बाजूसमोर आणू नका. वादक तळव्यानं ते तोंड झाकतो-उघडतो तेव्हा तिथून हवेचा झोत येतो आणि माइक धप्पकन दबतो. घुमटाला पूर्वी घोरपडीचं कातडं लावत. घोरपडीला कायद्यानं संरक्षण असल्यामुळे आता बकऱ्याचं कातडं लावलेलं घुमटच घ्यावं.

दुसरा माइक असेल तर तो मागे म्हणणाऱ्यांसाठी ठेवा. पहिला माइक गायकापासून जितका दूर, त्याच्या किमान तिप्पट अंतर दोन माइकमध्ये राहू द्या. नाहीतर तोच आवाज दोन्हीकडे किंचित मागेपुढे पोचतो आणि जोडताना पोकळ, नळीतून आल्यासारखा लागतो. पातळी ठरवताना बहुतेक लोक पहिल्या कडव्यावर ठरवतात आणि शेवटच्या ध्रुपदाला आवाज फाटतो. उलट करा. सगळ्यांना शेवटची, सगळ्यात दाटलेली फेरी म्हणायला लावा आणि तिचं टोक उणे सहा डेसिबलच्या आत राहील अशी पातळी बांधा. २४ बिटमध्ये मुद्रण केलं की सुरुवातीचा हलका भाग कितीही खाली असला तरी नंतर सुखानं उचलता येतो. फाटलेला आवाज मात्र दुरुस्त होत नाही.

पट्टी ठरवणं हे समूहात सगळ्यात नाजूक काम. पुरुषांना सोयीची काळी एक-दोन बायकांना फार खाली जाते आणि बायकांची काळी चार-पाच पुरुषांना ओरडायला लावते. पुढे म्हणणाऱ्याच्या गळ्यापेक्षा मागच्यांच्या गळ्याला सोयीची पट्टी घ्यावी, कारण पुढचा सरावलेला असतो, मागच्यांची भीड पट्टी चढली की लगेच वाढते. पेटीचे सूर बदलता येत नाहीत, म्हणून एकतारी, तुणतुणं, पखवाज सगळं पेटीला मिळवा. पखवाजाला कणीक लावल्यावर ती वाळेपर्यंतच सूर टिकतो. दर दोन टेकनंतर तपासा.

आता व्यवहारातले आक्षेप. पहिला: एकत्र मुद्रण केलं तर एकाची चूक सगळ्यांना भोवते. खरं आहे, पण म्हणूनच तालीम होते आणि तालमीत गाणं अंगात उतरतं. शिवाय चूक दुरुस्त करता येत नाही असंही नाही. सलग तीन टेक घ्या, प्रत्येक टेकआधी वादकानं त्याच लयीत आठ मात्रा वाजवून दाखवाव्यात. तिन्हींची सुरुवातीची लय मिळती असली की एका टेकचं दुसरं कडवं काढून दुसऱ्यातलं बसवता येतं. कापायची जागा ध्रुपद संपून नवं कडवं सुरू होण्याआधीच्या श्वासात असते. चौथा-पाचवा टेक शक्यतो घेऊ नका. गळे दमतात आणि गाण्यातला हेतू हरवतो. शेवटच्या ध्रुपदानंतर टाळाचा नाद पुरता विरेपर्यंत कोणी हलू नये, मग आणखी अर्धा मिनिट रिकामी खोलीही टिपा. जोडकामात तिचा उपयोग होतो.

दुसरा आक्षेप मला जास्त जवळचा वाटतो: घरात मी एकटाच आहे, दहा जण आणू कुठून? परदेशात किंवा नव्या शहरात राहणाऱ्या मराठी ख्रिस्ती माणसाचा हा खरा प्रश्न आहे. अशा वेळी दोन जण पुरतात: एक पुढे म्हणणारा, एक मागे म्हणणारा. शेजारचा, मंडळीतला, मराठी नीट न येणारा नातवंडांच्या वयाचा मुलगाही चालेल, कारण ध्रुपद दोन ओळींचं असतं आणि ते शिकवणं हीच त्याला भाषा देण्याची एक रीत आहे. अगदीच कोणी नसेल, तर समूहाचं सोंग आणू नये. एकतारीवर एकट्यानं म्हटलेली ओवी हीसुद्धा आपली जुनी रीत आहे. जात्यावर बसलेली बाई एकटीच गात असे. एकट्याचं गाणं एकट्याचंच मुद्रित करा, ध्रुपद स्वतःच दोनदा म्हणा, आणि दुसऱ्या वेळी थोडं मागे सरकून म्हणा.

तिसरा: आजच्या कानांना गुळगुळीत आवाजाची सवय झाली आहे, असं खोलीतलं रेकॉर्डिंग कच्चं वाटेल. कदाचित पहिली दहा सेकंद वाटेल. त्यानंतर ऐकणारा शब्दांकडे जातो, आणि शब्द स्वच्छ असतील तर तो राहतो. म्हणून नंतरच्या कामात शब्दांशिवाय दुसरं उद्दिष्ट ठेवू नका. ८० हर्ट्झखालची घरघर काढा, आवाज खूप बोजड वाटला तर ३०० हर्ट्झच्या आसपास दोन-तीन डेसिबल कमी करा, आणि एवढ्यावर हात आवरा. आवाज दाबून सारखा करणारा कॉम्प्रेसर जोरात लावला तर फोनच्या आपोआप पातळीनं जे नुकसान केलं असतं तेच होतं. सळसळ काढणारं साधन जास्त वापरलं की गाण्याला पाण्याखालची चव येते. टाळाच्या शेपट्या आधी खराब होतात, त्यांच्याकडे कान ठेवा. कृत्रिम घुमारा वापरायचाच असेल तर एवढा कमी की तो बंद केल्यावरच जाणवावा. ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे सगळं होतं. झालेलं काम हेडफोनवर, मग फोनच्या छोट्या स्पीकरवर आणि शेवटी मंडळीतल्या कोणा म्हाताऱ्या माणसाला ऐकवा, आणि त्यांना ध्रुपदाव्यतिरिक्त दुसऱ्या कडव्यातले शब्द काय कळले ते विचारा. सांगता आले तर काम झालं.

हक्कांचं थोडक्यात. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत हक्क राहतो, त्यामुळे टिळकांच्या शब्दांवर आता कोणाची परवानगी लागत नाही. पण त्याच शब्दांना नंतरच्या काळात कोणी चाल लावली असेल, तर ती चाल वेगळी मालमत्ता आहे. अनुवादाचंही तसंच, मूळ गीत जुनं असलं तरी अनुवादक अलीकडचा असू शकतो. गाणाऱ्या-वाजवणाऱ्या प्रत्येकाची, रेकॉर्डिंग कुठे ऐकवायचं याबद्दलची संमती आधी घ्या, लेखी घेतलेली बरी.

सजवलेल्या फाइलसोबत मूळ, हात न लावलेला टेकही जपून ठेवा, दोन वेगळ्या ठिकाणी. त्याच्याबरोबर एक कागद असावा: गीत कोणाचं, चाल कोणाकडून आणि कोणत्या गावात शिकली, पुढे कोण म्हणालं, मागे कोण होतं, पट्टी कोणती, वाद्यं कोणती, तारीख काय. मंडळ्यांमधल्या कितीतरी चाली अजून फक्त काही गळ्यांत आहेत आणि त्या कोणत्याही गीतपुस्तकात छापलेल्या नाहीत. मुद्रण सुरू झाल्यावर, चाल जिच्याकडून शिकलात त्या वडीलधाऱ्या व्यक्तीला आधी चार वाक्यं बोलायला सांगा, ही चाल आपल्याकडे कशी आली ते, आणि मग तोच माइक न हलवता भजनाला सुरुवात करा.